गोट काढू दिला नाही

आमच्या बांधकाम खात्याच्या हापिसात भाजलं, पोळलं की औषध एकच, निळी शाई. चपराशाचा हात चहाच्या भांड्याला लागला, लावा शाई. साहेबांच्या पोराच्या बोटाला फटाका लागला, लावा शाई. थंड वाटतं, आग कमी होते, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत असे. सरकारी शाईच्या बाटल्या खोक्यानं येत, तेव्हा हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. म्हणून त्या सकाळी माझ्या बायकोचा हात पेटला तेव्हा मी दवाखान्याकडे धावलो नाही. समोरच्या हापिसात धावलो आणि बाटली घेऊन आलो. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून व्हरांड्यात चकरा मारून आलो आहे. ही हकीकत मला एका जागी बसून सांगता येत नाही, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

छप्पन सालानंतर तीन-चार वर्षं उलटली होती. माझी बदली धारणीला झाली होती, मेळघाटातल्या रस्त्याच्या कामावर कारकून म्हणून. आमच्या खात्यात धारणी म्हणजे शिक्षा. ज्याचं साहेबाशी पटलं नाही तो धारणीला. माझं साहेबाशी पटलं नव्हतंच. तोंड फटकळ आणि पायाला भिंगरी, त्यामुळे माझं कुणाशीच फार दिवस पटत नसे. मूळ गाव अकोल्याजवळचं. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून मला मॅट्रिकपर्यंत नेलं, आणि आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. धारणीच्या त्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच होतो: मी, माय आणि माझी बायको.

छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडायला मीच पुढे होतो. माय काठावर उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही, पण पोतं बुडेपर्यंत ती हललीही नाही. त्यानंतर मला एक नादच लागला. कुणी शकुन बघितला, कुणी नजर काढली, कुणी लिंबू-मिरची टांगली की मी त्याला सोडत नसे. माझ्या मायला तर मी दिवसातून चारदा शहाणं करत असे. ती म्हणायची, "झालं का तुयं? आता जेव." माझं लग्नही दोन मेणबत्त्या लावून साध्या रीतीनं झालं. फक्त मायनं आपले चांदीचे दोन गोट नव्या सुनेच्या हातांत घातले, दोन्ही हातांत एकेक. गोट म्हणजे आमच्याकडच्या बाया मनगटात घालतात ती भरीव, जाड कडी. त्याला मी हरकत घेतली नाही. चांदीत कुठला आला देव, असं म्हणालो.

पण त्या गोटांची एक गोष्ट आमच्या घरात होती आणि ती मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो. मायला एकदा वावरात विंचू चावला. हात टरारून सुजला, म्हणून बायांनी तिच्या हातातला गोट तेल लावून ओढून काढला. अठराव्या दिवशी माझा बाप पटकीनं गेला. वय वर्षं बत्तीस. नवरा जिवंत असताना बाईच्या हातातला गोट उतरवला म्हणून तो गेला, असं गाव म्हणे, आणि मायसुद्धा कधीकधी स्वतःशी म्हणे. मी यावर हसत असे. विंचवानं चावलं बायकोला आणि मेला नवरा, म्हणजे विंचू मोठा हिशेबी दिसतो, असं म्हणून चार मित्रांना हसवत असे. त्या वर्षी मी एकतीस वर्षांचा होतो आणि बत्तिसावं लागायला दोन महिने उरले होते. ते दोन महिने मी मनातल्या मनात मोजत होतो. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

बायको माझी सातवीची फायनल पास झालेली. तिचं अक्षर इतकं सुरेख की हापिसातली महत्त्वाची पत्रं मी घरी आणून तिच्याकडून लिहून घेई आणि साहेब माझी पाठ थोपटे. तिला मास्तरीण व्हायचं होतं. अमरावतीच्या ट्रेनिंगसाठी तिनं अर्ज भरला होता आणि जून महिन्यात तिला तिथे हजर व्हायचं होतं. रोज संध्याकाळी भिंतीवर कोळशानं मोठी मोठी अक्षरं काढून ती फळ्यावर लिहायचा सराव करायची आणि सकाळी माय ती भिंत शेणानं सारवून टाकायची. दोघींचं त्यावरून रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

आम्ही नवा पितळी स्टो आणला होता. त्याला हवा भरायची, पिन करायची, सगळी माहिती मी बायकोला एकदा रागारागानं दिली होती, कारण मला कुठलीच गोष्ट सावकाश सांगता येत नाही. त्या दिवशी सकाळी स्टो नीट पेटेना. तिनं पिन केली, हवा भरली, रॉकेल वर आलं आणि भडका उडाला. उजव्या हाताची बाही आणि खांद्यावरचा पदर, दोन्ही पेटले. मी बाहेर दाढी करत होतो. आत आलो तेव्हा आमच्याकडे पाणी भरणारी कोरकू बाई डोक्यावरचा अख्खा घडा तिच्या अंगावर ओतून मोकळी झाली होती आणि दुसऱ्या घड्यासाठी धावत होती. आग विझली होती. हातातल्या काचेच्या बांगड्या तापलेल्या, त्यांवर गार पाणी पडलं, त्या तडातड फुटून खाली पडल्या. मी बायकोच्या हाताआधी त्या काचांकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

तोवर शेजारपाजार गोळा झाला. जळालेल्याला पाणी लावू नका, फोड येतात, असा सगळ्यांनी एकच गिल्ला केला आणि त्या कोरकू बाईला दारातच अडवलं. तिचा दुसरा घडा तसाच उंबऱ्यापाशी राहिला. आज मला कळतं की त्या गर्दीत योग्य काम करणारी तेवढी एकच बाई होती. आम्ही शिकलेल्यांनी तिला बाजूला केलं, आणि मी शाईची बाटली आणून बायकोच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत उपडी केली. ती ओरडत नव्हती. एकच विचारत होती, "हात राहीन ना? माह्यावाला हात राहीन ना?"

धारणीच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, साथीच्या कामासाठी आत खेड्यांत गेले होते. होता तो कंपाउंडर. पन्नाशीचा, तंबाखू खाणारा, आणि प्रत्येक पेशंट मुद्दाम त्यालाच छळायला आजारी पडला आहे अशा सुरात बोलणारा. त्यानं हात बघितला आणि माझ्याकडे वळला.

"हे निळं कोनं केलं?"

"मी."

"लय शिकलेले दिसून राहिले बाबूजी तुमी. आता याच्याखालची कातडी मले कशी दिसन?"

उकळून गार केलेल्या पाण्यानं त्यानं जेवढी निघाली तेवढी शाई काढली. कातडीला चिकटलेला कपडा तसाच ठेवला, सुटा होता तेवढा कात्रीनं कापला. फोड फोडले नाहीत. इस्त्री केलेलं धुतलेलं धोतर हाताभोवती सैल गुंडाळलं, बोटं तेवढी उघडी ठेवली. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. मग दोन बाटल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा मोजून टाकला आणि मायच्या हातात दिल्या. माय म्हणाली, जळालेल्या माणसाले पानी पाजू नाई म्हनतात. तो म्हणाला, "म्हनू द्या. घोट घोट पाजत जाजो बाई, पार अमरावतीवरी. वकली तर जरा थांबून पुन्हा पाजजो. पानी कमी पडलं तर ते तशीच जाईन. अन् हात खाली लोंबू देऊ नका." माय मान डोलावत होती. शब्दाला शब्द तिनं मनात ठेवला, हे मला पुढे जीपमध्ये कळलं.

मग त्यानं मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं.

"हातातला गोट काढा लागते. साबन लावून आत्ता निघन. दोन घंट्यानं नाई निघनार. हात सुजन, गोट रुतन, रगत बोटापर्यंत जानार नाई. मंग बोटं मरतीन."

"मग काढा की," मी म्हणायला हवं होतं. तो पुढे म्हणाला, "इचारून राहिलो याचं कारन हाय. मागं एका बाईचे न इचारता काढले, तं तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, काठी घेऊन आला माह्या अंगावर. तवापासून मी नवऱ्याले इचारतो."

डोळ्यांसमोर फुटलेल्या काचा होत्या. अठरा दिवस होते. बाप होता, जो मला नीट आठवतही नाही. देव पोत्यात बांधून नदीत टाकणारा मी, मला त्या व्हरांड्यात घाम फुटला. आणि मी म्हणालो, "माय ऐकायची नाही. तिचा फार विश्वास आहे या गोष्टीवर. अमरावतीला बघू."

"माय नाई म्हनते का तुमी?"

"माय."

तो आत जाऊन अमरावतीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला बसला. माय आत बायकोच्या उशाशी बसली होती, तिला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्याच्यात आणि तिच्यात जेमतेम पंधरा पावलांचं अंतर होतं. कंपाउंडर सहज जाऊन तिला विचारू शकला असता. पण सासूला असं विचारायची कुणाला गरज वाटत नाही. सासू नाही म्हणाली, हे उत्तर कुणालाही पटतं. त्यानं चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली आणि ओव्हरसियर साहेबांची जीप आली.

धारणीहून अमरावती म्हणजे नव्वद मैलांच्या आसपास, त्यातला निम्मा डोंगर. ज्या रस्त्याचे कागद मी वर्षभर रंगवत होतो त्या रस्त्यावरून आम्ही निघालो. कागदावर तो रस्ता फार चांगला होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि मागे सतरंजीवर बायको, तिचं डोकं मायच्या मांडीवर. मायनं सुनेचा हात आपल्या खांद्याला टेकवून वर धरून ठेवला होता. हरिसाल गेलं तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. दर थोड्या वेळानं ती बाटलीतून झाकणभर पाणी ओतून सुनेच्या ओठांत सोडायची. दोनदा उलटी झाली, दोनदा तिनं तोंड पुसलं, थांबली आणि पुन्हा झाकण भरलं. मी मात्र सारखा वळून बघत होतो. ड्रायव्हरला हळू चालव म्हणत होतो, लगेच जोरात चालव म्हणत होतो. शेवटी त्यानं गाडी थांबवून मला विचारलं, "बाबूजी, चालवता का तुमीच?" मी गप्प बसलो, म्हणजे पाच मिनिटं बसलो.

बोटं उघडी होती. मी वळून बघे तेव्हा प्रत्येक वेळी मला ती आधीपेक्षा निळी दिसत. शाई आहे, मी स्वतःला म्हणायचो. आपणच ओतली, निळी नाही तर काय पिवळी दिसतील? सेमाडोहच्या अलीकडे ती काळपट दिसायला लागली. शाई वाळली की काळी होते, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मायनं माझ्याकडे बघितलं.

सेमाडोहला नदीपाशी गाडी गरम झाली म्हणून थांबलो. ड्रायव्हर डबा घेऊन पाण्याला गेला. माय सुनेची बोटं आपल्या गालाला लावून बघत होती.

"बोटं थंडीगार पडून राहिली रे."

"शाई थंडच असते."

"वाळलेली शाई गालाले थंडी लागते का? हात गरम हाय, बोटंच थंडी हायेत. अन् हा गोट पाह्य कसा रुतला. मी काढून टाकू का? तेल असन तं पाह्य गाडीत."

हे वाक्य मी आयुष्यात विसरलो नाही. गोटाच्या नावानं जिला रंडकी म्हणवून घ्यावं लागलं ती बाई स्वतःहून विचारत होती, तेल आहे का. आणि मी तिच्यावर खेकसलो. तिथे कातडी सोलून निघेल, तुला काय कळतं, डॉक्टर काढतील, हात लावू नको. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वर करून बघितलं इतक्या जोरात ओरडलो. मायनं हात काढून घेतला. मग तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला, जसा लहानपणी ताप आला की पुसायची, आणि परत सुनेचा हात खांद्यावर घेतला. मला वाटतं, तिला तिथेच कळलं. एकतीस वर्षांचा घोडा किती घाबरला आहे हे तिला माझ्या कपाळावर हात ठेवून कळलं असणार. बायको इंजेक्शनच्या गुंगीत होती. तिनं काहीच ऐकलं नाही.

परतवाडा आलं, गेलं. दुपार कलायच्या आत आम्ही अमरावतीच्या दवाखान्यात पोचलो. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, माझ्यापेक्षाही तापट. त्यानं आधी चिठ्ठी वाचली, मग हात बघितला, मग बोटांची नखं दाबून बघितली आणि चिठ्ठी पुन्हा मोठ्यानं वाचली, शेवटची ओळ तर दोनदा. ‘उजव्या हातातील गोट काढण्यास सासूने नकार दिल्याने काढता आला नाही.’

"सासू कोण?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगतो. मायनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या वेंधळ्या पोरानं भरली घागर सांडली आणि ती आता कुणी पुसायची याचाच विचार करावा, तसं ते बघणं होतं.

"मी," ती म्हणाली. "मी सासू. मी नाई म्हनलं. चुकलं साहेब मायं."

डॉक्टर तिला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. नर्सा बोलल्या, वॉर्डातल्या बाया बोलल्या, जिचा संबंध नाही अशी झाडूवालीही बोलली. माय भिंतीला टेकून उभी राहून ऐकत होती. आतून करवतीनं चांदी कापल्याचा आवाज आला. गोट निघाला, पण उशीर झाला होता. आठ-दहा दिवसांत चार बोटं काढावी लागली, अंगठा तेवढा राहिला. माझं बत्तिसावं लागलं आणि सरलं. मला काहीही झालं नाही, साधं पडसंही नाही.

शुद्धीवर आल्यावर बायकोला वॉर्डानं सगळं सांगितलं. ती आधी रडली नाही. तिनं मायला समोर बोलावलं आणि विचारलं, "आत्याबाई, तुमच्या लेकाचा जीव तुमाले प्यारा, ते समजलं मले. पन माही बोटं कोनाची होती?" माय म्हणाली, "तुयीच होती माय." मी हातात चहाची किटली घेऊन पडद्याच्या अलीकडे उभा होतो. दोन पावलं पुढे टाकायची होती. मी ती टाकली नाहीत. चहा गार झाला आणि मी खाली जाऊन दुसरा आणला.

पुढे मी खटपट करून अकोल्याला बदली घेतली. जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. ट्रेनिंग राहिलंच. वर्षभर बायको मायशी बोलली नाही. एकाच चुलीवर दोघी, एकीला फुंकायचं असलं तर दुसरी उठून जायची. सकाळी माय तिची वेणी घालून द्यायची, कारण एका हातानं वेणी घालता येत नाही, आणि बायको लाकडासारखी ताठ बसून घालून घ्यायची. वेणी झाली की न बघता उठायची. मला ते बघवत नसे. हापिसात कुणाचाही दौरा असो, मी माझं नाव पुढे करायचो. बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, दर्यापूर, कुठेही. लोक म्हणत, माणूस मोठा कामसू. रोज ठरवायचो, आज सांगू. आज जेवण झाल्यावर. आज नाही, तिला जरा बरं वाटलं की. मायला एकदा मी म्हटलंही, सांगून टाकतो. ती म्हणाली, "सांगून तिची बोटं येतीन का?" आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढले. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं.

मग बायकोनं डाव्या हातानं लिहायला घेतलं. एका हातानं लिहायचं तर पाटी सरकते. उजव्या हाताच्या खुंटानं दाबली तर निसटते. एक दिवस मी दौऱ्यावरून आलो तर दोघी समोरासमोर बसलेल्या. मायनं पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि बायको त्यावर गिरवत होती, वाकडी, उताणी पडलेली अक्षरं. बोलत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशीही तशाच बसल्या, आणि तिसऱ्या. पावसाळा संपता संपता बायकोनं पाटीवर एक शब्द लिहिला आणि मायकडे फिरवून म्हणाली, "आत्याबाई, हे तुमचं नाव." मायला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती त्या शब्दावरून बोट फिरवत राहिली. त्या रात्री दोघी एका ताटात जेवल्या. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. ज्याची चूक होती तो मी, आणि माफी मिळाली ती तिला, आणि मी बाहेर ओट्यावर बसून विडी ओढत होतो.

नंतर बायको वस्तीतल्या बाया-पोरांना शिकवायला लागली, डाव्या हातानं. बाया तिला बाई म्हणत. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, सारवलेल्या भिंतीवरून नाही, पण मिठावरून, दुधावरून, आणि दोघी हसायच्याही. माझी माय आणि माझी बायको यांचं माझ्याहून जास्त जमलं. बाजाराला जाताना माय तिच्या उजव्या बाजूनं चालायची, कुणाचा धक्का त्या हाताला लागू नये म्हणून.

साठीचं दशक संपत आलं असताना माय आजारी पडली. पोटात पाणी धरलं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मे महिना होता, आणि अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. ओल्या पोत्यांचे पडदे दारांना लावले होते, ते तासाभरात खडखडीत वाळायचे. एका दुपारी बायको बाहेर मोरीशी धुणं धूत होती. मी मायजवळ बसलो होतो, म्हणजे उठत होतो, बसत होतो.

"माय," मी म्हटलं, "तू जायच्या आधी मी तिला सांगतो. आज सांगतो. तुझ्यासमोर."

तिनं डोळे उघडले. "काहून?"

"किती वर्षं तू माझं ओझं वाहून राहिली."

"ते आता हलकं झालं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, मला वाकून ऐकावं लागलं. "तिनं मले माफ करून टाकलं. सासू चुकते, हे बाईले माहीत असते. नवरा असा निघाला तर मंग ते कोनाच्या घरी राहीन? मी चाल्ली. तुले तिच्यासंगं राहाचं हाय. तिले राहू दे."

मी तिचा हात धरला आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात बायको पदराला हात पुसत आत आली. दारात थांबली. माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं.

"काय म्हनत होत्या आत्याबाई?"

आता. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माय टक लावून माझ्याकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "थंडी वाजते म्हणते."

बायको लगबगीनं आत गेली. कपाटावरची जाड गोधडी तिनं डाव्या हातानं ओढून उजव्या कोपरात धरली आणि आणून मायच्या अंगावर घातली. अंगठा आणि तळव्याच्या मध्ये कड पकडून ती मायच्या गळ्यापर्यंत नीट खोचली, पायांखाली दुमडली. "बरं वाटते का आता?" तिनं विचारलं. बाहेर ऊन भट्टीसारखं पेटलेलं होतं. मायच्या कपाळावर घामाचे थेंब आले, ओघळून कानामागे गेले. तिनं गोधडी सरकवली नाही. "हो माय," ती म्हणाली, "आता बरं वाटते."